दादा निघाले की निघत होते?

गेल्या रमजानमध्ये माझ्या भाचीचा इंग्लंडहून फोन आला. ती तिकडेच वाढली. घरात दखनी बोलते, उर्दू ऐकून समजते, मराठी मात्र तिला वाचता येत नाही. तिला तिच्या पणजीची, म्हणजे माझ्या दादीची, १९४८ सालची हकीकत हवी होती. दादी हयात असताना मी ती एका वहीत तिच्याच शब्दांत उतरवून ठेवली होती. त्यातली चार पानं मी इंग्रजीत केली आणि पाठवून दिली.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिला एकच गोष्ट विचारायची होती. "मामू, लोक आले तेव्हा पणजोबा बायकोला आणि बाळाला घरात टाकून पळून गेले का?"

मी चरकलो. वही काढून पाहिली. दादीचं वाक्य असं होतं: "लोगां आए तब तुमारे दादा भार निकलरे थे." मी इंग्रजीत लिहिलं होतं: "व्हेन द पीपल केम, ही वेंट आउट." म्हणजे लोक आले आणि म्हणून ते बाहेर निघून गेले. दादी म्हणत होती, 'निघत होते'. मी केलं, 'निघाले'. पंचवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाने एका वाक्यात आपल्याच आजोबांना पळपुटं ठरवलं होतं.

तेव्हापासून हे दोन काळ माझ्या डोक्यातून जात नाहीत. साधा भूतकाळ आणि चालू भूतकाळ. शाळेत आपण ते तक्त्यात पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पण इतिहास लिहायचा, सांगायचा किंवा साक्ष द्यायची म्हटलं की माणसाची अब्रू या दोन काळांवर तोलली जाते. म्हणून आज थोडं व्याकरण आणि थोडा इतिहास.

आधी व्याकरण. इंग्रजीत 'आय रोट' म्हणजे मी लिहिलं. काम झालं, त्यावर पडदा पडला. 'आय वॉज रायटिंग' म्हणजे मी लिहीत होतो. काम सुरू होतं, पुढे पूर्ण झालं की नाही, वाक्य सांगत नाही. दोन साधे भूतकाळ एकापुढे एक आले की इंग्रजी वाचणारा त्यांना साखळीसारखं वाचतो. आधी हे झालं, मग ते झालं, आणि बहुतेक वेळा त्यामुळेच ते झालं. 'ते आले तेव्हा आम्ही निघालो' याचा अर्थ ते आल्यामुळे निघालो. पण एक क्रियापद चालू भूतकाळात घातलं की साखळी तुटते. 'ते आले तेव्हा आम्ही निघत होतो', म्हणजे आमचं निघणं त्यांच्या येण्याआधीच सुरू होतं, त्याचं कारण वेगळं होतं. चालू भूतकाळ पार्श्वभूमी उभी करतो, साधा भूतकाळ त्यात घटना आणून टाकतो.

आपल्या मुलांच्या चुका याच जागी होतात. 'आय वॉज नोइंग हिम' असं ती लिहितात. जाणणं, असणं, आवडणं या अवस्था आहेत, चालू कामं नव्हेत, म्हणून इंग्रजी तिथे साधा काळच वापरते. 'मी रोज जात असे' याचंही मुलं 'आय वॉज गोइंग डेली' करतात. ती सवय झाली, तिच्यासाठी 'यूज्ड टू' आहे किंवा सरळ 'वेंट' आहे. या चुका लाल शाईने दुरुस्त होतात. माझी चूक वेगळी होती. तिच्यात व्याकरण अगदी शुद्ध होतं, म्हणून ती मला दिसलीच नाही.

आता गंमत अशी की इंग्रजीला स्वतःलाच हा चालू भूतकाळ पक्का व्हायला जवळजवळ हजार वर्षं लागली. जुन्या इंग्रजीत, म्हणजे नवव्या शतकाच्या शेवटी आल्फ्रेड राजाच्या काळात लॅटिन पुस्तकांची भाषांतरं होत होती तेव्हा, 'होता' या अर्थाच्या क्रियापदापुढे 'एंडे' हा प्रत्यय लावलेलं रूप वापरलं जाई. ते आजच्या चालू काळासारखं दिसतं, पण ते वापरलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. साध्या भूतकाळावरही भागत असे. दुसरी एक रचना बोलण्यात होती. माणूस शिकारी'वर' आहे, म्हणजे शिकार करतो आहे. त्यातला 'वर' या अर्थाचा 'ऑन' झिजून नुसता 'अ' उरला. जुन्या इंग्रजी गाण्यांत 'अ-हंटिंग' असं रूप येतं, ते हेच. पुढे 'एंडे' प्रत्ययाच्या जागी 'इंग' आला, आणि दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या. कोणत्या वाटेचा वाटा किती, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही.

शेक्सपिअरच्या काळापर्यंतही ही घडी नीट बसलेली नव्हती. 'हॅम्लेट' नाटकात पोलोनियस राजपुत्राला काय वाचता आहात असं विचारतो, तेव्हा तो साधा वर्तमानकाळ वापरतो. आज दहावीच्या मुलाने तसं लिहिलं तर आम्ही गुण कापू. अठराव्या शतकात कुठे 'करत होता' या अर्थासाठी चालू काळ जवळपास अनिवार्य झाला. तरी कर्मणी रूप अजून जन्मायचं होतं. घर बांधलं जात होतं, हे सांगायला इंग्रज 'द हाऊस वॉज बिल्डिंग' म्हणत. शब्दशः पाहिलं तर घरच काहीतरी बांधत होतं! 'वॉज बीइंग बिल्ट' हे आजचं रूप अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत दिसू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकात त्यावर केवढा गहजब झाला. जॉर्ज पर्किन्स मार्श, रिचर्ड ग्रँट व्हाइट यांच्यासारख्या अमेरिकन पंडितांनी ते रूप बेढब ठरवलं. लोकांनी ऐकलं नाही. भाषेला त्याची गरज होती, ते राहिलं.

लिंडले मरे या अमेरिकेतून इंग्लंडला जाऊन राहिलेल्या क्वेकर गृहस्थाने १७९५ साली इंग्रजी व्याकरण लिहिलं. पुढची कित्येक दशकं इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळा त्यावर चालल्या. या मरेसाहेबांनी साध्या भूतकाळाला नाव दिलं 'इंपर्फेक्ट', म्हणजे अपूर्ण! लॅटिन व्याकरणाचा साचा समोर ठेवल्यामुळे हे झालं. पूर्ण झालेलं काम आणि चालू असलेलं काम, दोन्ही त्यांनी या एकाच नावाखाली घातली. म्हणजे ज्या फरकावर माझ्या आजोबांची अब्रू अवलंबून होती, त्याला इंग्रजीच्या सर्वांत गाजलेल्या शालेय व्याकरणात वेगळं घरसुद्धा नव्हतं.

आता आपल्याकडे या. १८३५ साली मेकॉलेने आपल्या टिपणात अरबी आणि संस्कृत शिक्षणाची वासलात लावली. १८३७ पासून कंपनीच्या मुलखातल्या कोर्टकचेऱ्यांतून फारसी जाऊ लागली. त्याच्या आदल्या वर्षी, १८३६ साली, मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापून आलं. पुढे तर्खडकरांच्याच घराण्याचं नाव लागलेली भाषांतर पाठमाला घेऊन मराठी मुलांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या. माझ्या शाळेच्या कपाटातही तिचे सुटे झालेले भाग होते.

पण आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना हा फरक इंग्रजांनी शिकवला नाही. मकतबात 'आमदनामा' पाठ करून घेत. त्यात फारसीचे सहा भूतकाळ. माज़ी मुतलक़ म्हणजे साधा भूतकाळ, 'रफ़्त', तो गेला. माज़ी इस्तमरारी म्हणजे चालू भूतकाळ, 'मीरफ़्त', तो जात होता किंवा जात असे. शिवाय क़रीब, बईद, शक्किया, तमन्नाई. 'गेला असेल' आणि 'गेला असता तर' यांनाही स्वतंत्र खोल्या. अरबी शिकणारा पोरगा 'मीज़ान' हातात धरून गर्दान घोकायचा, आणि 'कतबा' म्हणजे लिहिलं, 'काना यक्तुबु' म्हणजे लिहीत होता, हे त्याला ठाऊक असायचं. इंग्रजी बोलणारे अजून आपला चालू काळ घडवत होते, तेव्हा अरबीत ही रचना जुनी झालेली होती. मी हे बढाई म्हणून सांगत नाही. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेली माणसं १९४८ नंतर एकाएकी अडाणी ठरली, नव्या कचेरीत अंगठाबहाद्दर झाली. त्यांच्याकडे काय होतं, ते कोणी विचारलं नाही, एवढंच सांगायचं आहे.

आणि मराठीत एक गोष्ट आहे, जी इंग्रजीत नाही. 'दादांनी सदरा शिवला', 'दादांनी टोपी शिवली', 'दादांनी सदरे शिवले'. क्रियापद सदऱ्याचं आणि टोपीचं ऐकतं, दादांचं नाही. पण चालू भूतकाळात या: 'दादा सदरा शिवत होते', 'दादा टोपी शिवत होते'. आता क्रियापद माणसाचं ऐकू लागलं. काम संपलं की मराठी वस्तूकडे पाहते, काम चालू असताना माणसाकडे पाहते. आमची दखनी तर दोन्ही वेळा माणसाकडेच पाहते. तिच्यात 'ने' नाही. हिंदीवाला 'मैंने रोटी खायी' म्हणेल, माझे अब्बा 'मैं रोटी खाया' म्हणायचे. शाळेत यावरून आमची टिंगल व्हायची. आता वाटतं, इंग्रजीचं 'आय एट' तरी दुसरं काय आहे?

एवढं सगळं सांगून मूळ मुद्द्यावर येतो. आपला इतिहास कोणत्या काळात लिहिला गेला?

हेन्री एलियट हा कंपनीचा मोठा अधिकारी. त्याने फारसी तवारीखांतले उतारे इंग्रजीत करायला घेतले. तो १८५३ साली वारला, मग जॉन डाउसनने ते काम पुरं केलं. १८६७ ते १८७७ या काळात आठ खंड निघाले. हिंदुस्थानचा इतिहास त्याच्याच इतिहासकारांच्या तोंडून, असं त्याचं नाव. एलियटने आपला हेतू लपवलेला नाही. आधीचे मुसलमान राजे किती वाईट होते हे वाचून प्रजेला इंग्रजी राज्याची किंमत कळावी, असं त्याने १८४९ च्या प्रस्तावनेत सुचवलं होतं. त्यामुळे निवड तशीच झाली. स्वाऱ्या, कत्तली, लूट, वेढे जास्त आले. सूफींच्या खानकाहा, कवींच्या बैठका, बाजार, कारागिरी मागे पडल्या. ते आले, त्यांनी जिंकलं, त्यांनी पाडलं. एकामागून एक साधा भूतकाळ. होडीवाला या पारशी प्राध्यापकांनी १९३९ साली या खंडांतल्या चुका दाखवणारं मोठं पुस्तक लिहिलं, पण तोवर शाळेच्या पुस्तकांनी एलियटचे खंड पचवलेले होते.

यातली प्रत्येक घटना खोटी आहे असं मी म्हणत नाही. लूट झाली तिथे झाली. पण नुसत्या साध्या भूतकाळाने एक मोठी फसवणूक होते. तो घटना सांगतो, आणि घटना घडत असताना बाकीचे लोक काय करत होते हे गाळतो. मलिक अंबरने १६१० साली खडकी शहर वसवलं, पुढे नहर बांधली, १६२६ साली तो वारला. तीन साधे भूतकाळ, तीन ओळी. पण त्या शहराचं नाव पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर झालं. सत्ता बदलत होत्या आणि त्याच्या नहरींतून पाणी पिढ्यान् पिढ्या वाहत होतं. लोक ते पीत होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. हे 'होते' इतिहासात आलं नाही, तर मुसलमान म्हणजे फक्त घोड्यावर बसून येणारा माणूस उरतो.

यात दोष परक्यांचाच आहे असंही नाही. आपल्या जलशांत, जयंत्यांत काय ऐकू येतं? आम्ही राज्य केलं, आम्ही ताजमहाल बांधला, आम्ही लाल किल्ला बांधला. अरे, तुझा पणजा पिंजारी होता. तो लोकांच्या गाद्या पिंजत होता. माझा दादा शिंपीकाम करत होता. आपणही साध्या भूतकाळाच्या मोहात पडलो आणि आपल्याच बापजाद्यांची कामं गिळून टाकली.

पण उलटा धोकाही सांगितला पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. चालू भूतकाळ माणसाला दाखवतो तसा लपवूही शकतो. 'दगडफेक होत होती', 'घरं जळत होती', 'गावं लुटली जात होती'. कोण फेकत होतं? कोणी जाळली? दंगलींच्या बातम्या अशाच लिहिल्या जातात, जणू पाऊस पडत होता. तिथे साधा भूतकाळच हवा, आणि कर्ताही हवा.

आमच्या भागात ही कसोटी फार कडक आहे. लातुरात वकिली करणारा कासिम रझवी रझाकारांचा पुढारी झाला. रझाकारांनी गावं लुटली, घरं जाळली, माणसं मारली. हे मी साध्या भूतकाळात, कर्त्यासह लिहितो. ते लिहायला आमच्यापैकी अनेकजण अजून कचरतात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पुस्तकात प्रकरण इथे संपतं. पण त्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत काय घडलं, ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. त्यांच्या अहवालाने मृतांचा आकडा सावधपणे २७ हजार ते ४० हजार धरला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली. किती तरी ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवलं, हेही त्याच अहवालात आहे. कित्येक दशकं सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. मारलेही माणसांनीच, वाचवलेही माणसांनीच. दोन्ही क्रियापदांना कर्ता आहे.

माझी दादी आणि कडेवरचे अब्बा असेच वाचले. शेजारच्या लिंगायत घरातल्या आजीने त्यांना कणगीमागे बसवलं आणि स्वतः दाराशी ज्वारी पाखडत राहिली. दादी हे सांगताना नेहमी म्हणायची की सुपाचा आवाज येत होता तोवर मला धीर होता.

त्या दुपारी घरात काय चाललं होतं, ते वहीत आहे. दादी जवारी निवडत होती. बाळ झोपलं होतं. दादांनी मशीन थांबवलं होतं, वुजू केली होती आणि जोहरच्या नमाजसाठी ते उंबऱ्यातून बाहेर पडत होते. तेवढ्यात लोक आले. "भार निकलरे थे." ते पळाले नाहीत. ते रोजच्यासारखे नमाजला निघत होते. त्यापुढची दादीची वाक्यं साध्या भूतकाळातली आहेत आणि ती तशीच राहू द्यावी लागतात: "लेके गए. वापस नै आए."

मी भाचीला दुरुस्त पान पाठवलं. 'ही वेंट आउट' खोडून 'ही वॉज गोइंग आउट' केलं, आणि माफी मागितली. तिने रात्री उशिरा फोन केला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामू, नमाजला उठायच्या आधी ते काय शिवत होते?"

मी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. ते कुठेच नाही. मी दादीला काय झालं ते विचारलं, कधी झालं ते विचारलं, कोणी केलं ते विचारलं. तेव्हा काय चाललं होतं, हे विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारायला कोणी नाही.

तुमच्या घरात अजून कोणी म्हातारं माणूस असेल तर आज त्याच्याजवळ बसा. काय झालं ते तर विचाराच. पण आधी हे विचारा, की तेव्हा तुम्ही काय करत होता?